छोट्या जोरदार गाडीचे टायर : कोकणात काय पाहून घ्यावे?

गेल्या काही वर्षांत आपल्या रत्नागिरीत टर्बो इंजिनाच्या छोट्या गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी २०१३ साली आली. २०२२ मध्ये पोलो बंद झाली तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात ती अजून फिरते आहे. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली, ह्युंदाईची आय-२० एन लाईन २०२१ मध्ये. आखातात नोकरीला असलेली आपली मुले सुटीवर आली की अशीच गाडी पसंत करतात आणि पहिला जादा खर्च रुंद टायर व मोठ्या अलॉय व्हीलवर करतात.

आमची तिजारत कापडाची. टायरच्या धंद्याशी आमचा संबंध नाही, त्यामुळे कोणाचा माल खपवायचा प्रश्नही नाही. परंतु मालासाठी इचलकरंजीला जाताना आंबा घाट आम्ही वर्षानुवर्षे चढतो-उतरतो आहोत. शिवाय टायर ही वस्तू आतून कापडाचीच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप यांनी हवेचा टायर बनवला तेव्हा रबराच्या नळीवर कापडच गुंडाळले होते. साध्या विणीच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटतात, असे पुढे दिसून आले. म्हणून टायरसाठी निराळे कापड निघाले. त्यात ताणा भक्कम असतो आणि बाणा नावापुरता, ताण्याचे धागे जागेवर धरण्याइतका. आपल्या देशात सेंच्युरी एन्का, एसआरएफ या कंपन्या असे कापड तयार करतात. आजच्या मोटारीच्या रेडियल टायरात बहुधा पॉलिएस्टरचा थर असतो, त्यावर पोलादी तारांचे पट्टे. वेगाने फिरताना हे पट्टे बाहेर ओढले जातात, म्हणून वेगवान गाडीच्या टायरात त्यांच्यावर नायलॉनचे वेष्टण देतात. हे सारे टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेले असते. ताग्याच्या काठावरचा मिलचा छाप वाचल्याशिवाय आपण माल उचलत नाही, मग येथे का उचलावा?

आता माप पाहू. आय-२० एन लाईन आणि बलेनो आरएस या दोन्हींचे माप १९५/५५ आर १६ आहे. १९५ मिलिमीटर ही रुंदी. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, अर्थात सुमारे १०७ मिलिमीटर. १६ इंच ही रिम. पुढे ८७ एच असे असेल तर एक टायर ५४५ किलो भार पेलतो आणि २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसतो. व्ही असेल तर २४०. कंपनीने दिलेल्या भाराच्या आकड्याखाली आणि वेगाच्या अक्षराखाली कधीही उतरू नये, दुकानदार कितीही सवलत देवो.

या टायरची एकूण उंची ६२१ मिलिमीटर भरते. त्याजागी २१५/४५ आर १७ टाकला तर ६२५ भरते. स्पीडोमीटरमध्ये फरक नगण्य, म्हणून दुकानात ‘आरामात बसतो’ असे सांगतात. ते खोटे नाही. परंतु बाजूची उंची १०७ वरून ९७ वर येते. गेलेले दहा मिलिमीटर म्हणजे खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामधली गादीच होय. घाटातल्या खड्ड्यात असा टायर आपटला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. हा फुगा पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो.

उलट दिशेने हिशेब करा. १८५/६५ आर १५ ची एकूण उंची ६२१.५ आहे, म्हणजे जवळपास तीच. बाजू मात्र १२० मिलिमीटर, आणि ८८ आकडा असल्यास भारही ५६० किलो. गाडीच्या पुस्तिकेत हे माप दिले असेल आणि पंधराची रिम ब्रेकला घासत नसेल, तर आमच्या मते कोकणात राहणाऱ्याने हेच घ्यावे. गाडी थोडी कमी रुबाबदार दिसेल, इतकेच. पुस्तिकेत नसलेले माप टाकले तर वॉरंटी व विम्याच्या दाव्यात वाद निघू शकतो, हेही लक्षात असू द्यावे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावरून काढण्याचे सूत्र अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानाच्या टायरांसाठी १९६० च्या दशकात बसवले गेले. त्यानुसार खाचा घासलेल्या टायरात ३२ पौंड हवा असेल तर हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पौंड असेल तर ८३. महामार्गाच्या काँक्रीटच्या सरळ पट्ट्यावर या गाड्या तो वेग केव्हा ओलांडतात ते चालवणाऱ्याला कळतही नाही. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. आम्ही म्हणतो, मे महिन्याअखेर तीनपेक्षा कमी उरली असेल तर पावसाळ्याआधी बदला. आणि दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा. आपल्याकडे पुढे लावण्याची पद्धत आहे, कारण इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. परंतु पुढचे घसरले तर चालकाला स्टिअरिंगमध्ये कळते, वेग कमी करता येतो. मागचे घसरले तर गाडी सरळ गिरकी घेते, आणि घाटात गिरकीला जागा नसते.

१ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान कसोटी लागू झाली. किमान म्हणजे उत्तम नव्हे. काही टायरांवर ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी असते. ती ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून केलेली परीक्षा आहे. तेथे निदान ए पाहावा. ‘ट्रेडवेअर’चा आकडा फार कमी असेल तर रबर मऊ, ते लवकर झिजणार.

आपल्या भागाचा खास प्रश्न वयाचा आहे. मालक कुवेतला किंवा दुबईला, गाडी दहा-अकरा महिने अंगणात झाकून. खाचा नव्यासारख्या, पण रबर कडक झालेले. टायरवर ‘डॉट’च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे. दहा वर्षांनंतर तर खाच कितीही असो, ठेवू नये.

नवा घेतानाही हेच चार आकडे आधी पाहावेत. जुना साठा स्वस्तात विकणे गैर नाही, पण वय सांगून विकावा. वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले असलेल्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातल्याची हदीस आपल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. टायरचे वय हा तसाच आतला ओलावा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत पाच हजार धरली तर पूर्वीचे ६,४०० आता ५,९०० होतात. चार टायरांमागे दोन हजारांचा फरक पडतो. तेव्हा पक्के बिल घ्यावे, आणि त्यावर चारही टायरांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. वॉरंटीच्या वेळी तेच विचारले जातात.