शिफारस खरी होती, पण...

एखाद्याच्या हातच्या जेवणाची शिफारस करताना आपण बोलतो ते फक्त चवीबद्दल. "अगं, मसालेभात खाऊन तर बघ!" पुण्यात आमच्या ओळखीपाळखीत असे नंबर सतत इकडून तिकडे फिरत असतात. पुरणपोळ्या घरपोच देणारी ताई, गणपतीत उकडीचे मोदक करून देणाऱ्या काकू, नोकरी सांभाळून केक करणारी कोणाची तरी भाची. बहुतेक नंबर चांगलेच निघतात. आईच्या पंच्याहत्तरीला ज्या केटररला सांगितलं, त्याचा नंबरही एका भरवशाच्या मैत्रिणीनेच दिला होता. तिने त्याच्याकडून जेवण मागवलं होतं ते डिसेंबरात, रात्री, घराच्या गच्चीवर, पंचवीस माणसांसाठी. आमचा कार्यक्रम मे महिन्यातला, भर दुपारचा, दीडशे पानांचा. शिफारस शंभर टक्के खरी होती, पण ती वेगळ्याच जेवणाची होती.

बेत नेहमीचाच ठरला. मसालेभात, मठ्ठा, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, कोशिंबीर, कोथिंबीर वडी, पुऱ्या, जिलबी आणि आईला आवडते म्हणून बासुंदी. चव बघायला बोलावलं तेव्हा नुकतंच उतरवलेलं अन्न वाट्यांतून समोर आलं आणि ते झकासच होतं. कार्यक्रमाच्या दिवशी लग्नाची दाट तिथी होती आणि त्याच्याकडे आणखी दोन ऑर्डरी होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. त्याचा मुदपाकखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहाटे तिथे शेगड्या पेटल्या, आठपर्यंत आमचा भात आणि भाज्या टोपांत भरून टेम्पोत चढल्या, नऊच्या सुमाराला हॉलवर उतरल्या. मग औक्षण झालं, भाषणं झाली, जुन्या फोटोंची चित्रफीत झाली, आत्याने ऐनवेळी कविता वाचली. पहिलं ताट भरलं गेलं ते दीड वाजता, शेवटचं तीन वाजून गेल्यावर. जेवण छान झालं असं सगळे म्हणाले. खोटं कशाला बोलू, छानच होतं.

संध्याकाळी मामेभावाचा फोन आला, मामींना उलट्या होतायत. पाठोपाठ वहिनींच्या माहेरून, मग शेजारच्या इमारतीतून. पहाटेपासून दुसरी तुकडी, तिला पोटात कळा आणि जुलाब. दोघांना सलाईन लावावं लागलं. आई तेवढी ठणठणीत होती, कारण नमस्कार करणाऱ्यांनी उत्सवमूर्तीला नीट जेवूच दिलं नव्हतं.

केटररला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, अन्नाला वास आला होता का? चव बिघडली होती का? मग! पाहुण्यांनी बाहेर काहीतरी खाल्लं असेल." तो जबाबदारी झटकत होता हे तर झालंच. पण मला वाटतं, त्याचा स्वतःचा त्या युक्तिवादावर विश्वासही होता. अन्न बिघडलं की नाकाला कळतंच, असं आपण सगळेच धरून चालतो.

नाकाला ते कळेलच असं नाही. अन्न आंबवणारे, त्याला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आडवं करणारे बहुतेकदा वेगळे. बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू तांदळाबरोबर शेतातूनच घरात येतो. भात शिजताना तो मरतो, पण त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलट्यांना कारण होणारं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. स्टॅफिलोकोकस माणसाच्या नाकातून, बोटावरच्या जखमेतून अन्नात उतरतो. बासुंदी, रबडी, कुल्फी असे हाताळले जाणारे दुधाचे पदार्थ त्याला मानवतात, आणि त्याचं विषही उष्णतेला दाद देत नाही. या दोन्हींमुळे उलट्या साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात. मोठ्या टोपातल्या दाट आमटी-रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो, तो सहसा आठ ते सोळा तासांनी पोट बिघडवतो. आमच्याकडे संध्याकाळची एक लाट आणि पहाटेची दुसरी असं का झालं असावं, याचा अंदाज यावरून येतो. अंदाजच म्हणायचा, कारण तपासायला काही उरलंच नव्हतं. सहा वाजेपर्यंत भांडी लखलखीत घासून झाली होती.

नियम सोपा आहे. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, गार अन्न ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात ते जितका वेळ रेंगाळेल तितका धोका. आणि इथे टोपाचा आकार आडवा येतो. घरचा चार माणसांचा भात परातीत काढला की बघता बघता निवतो. पन्नास माणसांच्या टोपाचा वरचा थर गार लागतो, पण मध्यात तो तासन्‌तास कोमट असतो, म्हणजे जंतूंना हवा तसा. पाककृतीतलं तेल-तिखट पंचवीसने गुणता येतं, निवण्याचा वेळ तसा गुणता येत नाही. घरी उत्तम स्वयंपाक करणाऱ्या कित्येक जणी पहिल्या मोठ्या ऑर्डरीत फसतात त्या इथेच. त्यांच्या हाताच्या चवीचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

त्यामुळे आता केटररशी बोलताना मी चवीवर शेवटी येते. आधी विचारते, अन्न शिजणार किती वाजता आणि कुठे? हॉलवर कितीला पोचणार? त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती कामं आहेत? कार्यालयात मुदपाकखाना असेल तर निदान भात, पुऱ्या आणि तळण तिथेच व्हावं असा आग्रह धरते, त्यासाठी पानामागे थोडे जास्त मोजायची तयारी ठेवते. चांगला आचारी या प्रश्नांनी चिडत नाही. पुढच्या एका कार्याच्या वेळी एकाने मलाच उलट विचारलं, "ताई, भाषणं किती वेळ चालणार?" काम त्यालाच दिलं.

बुफेच्या टेबलावर झाकणाची चकचकीत भांडी मांडून खाली जेलचा डबा पेटवलेला असतो, ते अन्न गरम करण्याचं साधन नव्हे. आधीच कढत असलेलं अन्न कढत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्यात गार भाजी ओतली तर ती तासभर छानपैकी कोमट राहते. सुईचा अन्न-थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. कार्यक्रमात तो खुपसत फिरणं बरं दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण घरातला एखादा कॉलेजचा भाचा हे काम आनंदाने करतो.

मठ्ठ्यात घालायचा बर्फ कुठून येणार, हेही विचारा. खाण्याचा बर्फ आणि मासळी-बिसळी गार ठेवायचा बर्फ वेगळा ओळखता यावा म्हणून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचं बंधन २०१८ मध्ये आलं. तरी लादी पांढरी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, गोणपाटात गुंडाळून हॉलच्या मागच्या दारात ठेवलेली लादी मी पाहिली आहे. बर्फ ताकात टाकण्यापेक्षा ताकाचं भांडं बर्फात ठेवणं केव्हाही चांगलं. अलीकडे थाट म्हणून पितळी घंगाळं, तांब्याचे हंडे मांडतात. त्यांना आतून कल्हई नसेल तर ताक, सार, पंचामृत असं आंबट त्यात ठेवू देऊ नका. तांबं आंबटात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. सगळं कागदावर हवं. पदार्थ, पानाचा दर, किमान किती पानांचे पैसे द्यावेच लागतील, वरच्या पानाला कोणता दर, लहान मुलं आणि ड्रायव्हर कसे धरणार, वाढपी किती, कर वेगळा की त्यातच. बुफेत पानं मोजली जातात ती रिकाम्या ताटांवरून, म्हणून ताटांच्या चळतीपाशी आपलं एक माणूस उभं ठेवा. जेवण आटोपल्यावर ताटांच्या आकड्यावरून झालेली भांडणं दूरवर ऐकू जातात.

आणि प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी झाकून, नाव-वेळ लिहून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कोणी आजारी पडलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी असतं. कोणी काय खाल्लं, त्रास कितीला सुरू झाला हे लिहून काढा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पावती असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. आमच्याकडे पावती म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेला एक आकडा होता. उरलेलं अन्न पाहुण्यांना डब्यात बांधून देण्याची आपली हौसही जरा आवरा. तीन तास टेबलावर असलेली बासुंदी नळ स्टॉपवरून चिंचवडपर्यंत जायला निघते, तेव्हा तिच्यावर कोणाचीच नजर नसते.

आता घरून पदार्थ करून देणाऱ्यांकडे वळते, कारण माझा जीव खरा तिथे आहे. पैसे घेऊन अन्न विकणाऱ्याला, मग तो एका खोलीतून का विकेना, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्यांना नोंदणी, मोठ्यांना परवाना, आणि दोन्हींचा क्रमांक चौदा आकडी. तो विचारायला संकोच करू नका, एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो पडताळूनही पाहता येतो. पण नोंदणी म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ असल्याची हमी नव्हे. मी त्यापेक्षा फ्रिज केवढा आहे ते विचारते. घरच्या एका फ्रिजमध्ये स्वतःचं दूध-भाजी ठेवून वर साठ माणसांचं श्रीखंड मावत नाही. पुण्यात गुरुवारी काही भागांत दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसते, पाणीही बंद असतं. शुक्रवारची ऑर्डर गुरुवारी तयार होणार असेल तर हे लक्षात घ्यावंच लागतं.

केकच्या बाबतीत लोक डिझाइनचे फोटो पाठवतात आणि आत काय आहे ते विचारत नाहीत. आपल्याकडे व्हिप्ड क्रीम म्हणून जे असतं ते बहुतेकदा दुधाचं नसून वनस्पती तेलाचं असतं. ते उन्हाळ्यात टिकतं, म्हणून बेकर ते वापरतात. त्यात गैर काही नाही, फक्त तसं सांगून दर लावावा. चॉकलेटचंही तेच. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे ते स्वस्त पडतं आणि हाताळायला सोपं जातं. कायद्याने अंडं मांसाहारात धरलं जातं, तेव्हा "एगलेस" म्हणून घेतलेल्या केकवर हिरवी खूण असायला हवी. घरात काटेकोर शाकाहारी किंवा जैन पाहुणे असतील तर भांडी आणि बीटर वेगळे आहेत का तेही विचारा. शेंगदाणे-बदामाची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर बेकरला ते बोलून नव्हे, लिहून कळवा. आणि ती ताज्या फुलांची सजावट! फोटोत फार गोड दिसते. पण दारातली कण्हेर विषारी असते, बाजारच्या गुलाबावर फवारणी झालेली असते आणि फुलाच्या देठाला गुंडाळलेली तार आजोबांच्या घासात जाऊ शकते. मी फुलं नकोच म्हणते. मे महिन्यात क्रीमचा केक स्कूटरवरून मागवू नये, हे सांगायला खरं तर लेख लागू नये, पण तसे केक येतात आणि उन्हात वितळून एका बाजूला झुकलेले पोचतात.

हे वाचणाऱ्यांत कोणी घरून ऑर्डरी घेत असेल तर तिला एक विनंती. डब्यावर पदार्थ कधी केला ते तारीख-वेळ घालून लिहा, भात आणि उसळी उथळ ताटांत पसरून निववा, आणि फ्रिजमध्ये मावेल तेवढंच काम घ्या. कोणी दीडशे पानांचं विचारलं आणि ते झेपणारं नसेल, तर सरळ नाही म्हणा. त्या नकाराने गिऱ्हाईक तुटत नाही. मी तरी पुन्हा तुमच्याकडेच येईन, वीस पानांची ऑर्डर घेऊन.