उत्तर न देता झोपायला शीक

फोनशी माझं काही वाकडं नाही, भैय्या. सातबारा, पीकविमा, बाजारभाव, भरतीचा फॉर्म, सगळं आता त्यातूनच होतं. चुडाव्यातल्या माणसाचा पूर्णेचा नाहीतर परभणीचा हेलपाटा वाचतो. मी सांगणार आहे ते फक्त ग्रुपवरच्या चर्चेबद्दल. रील बघत रात्र काढणाऱ्या पोराला सकाळी निदान कळतं, की वेळ वाया गेला. चर्चेत रात्र काढणाऱ्याला वाटतं आपण अभ्यास केला, समाजाचं काम केलं, चार जणांचे गैरसमज दूर केले. दारूचा वास तरी येतो. याला वास नाही, आणि दिसायला ते काम दिसतं. म्हणून घरच्यांनाही उशिरा कळतं आणि ज्याला लागलं त्याला तर सगळ्यांत उशिरा.

तलाठी भरतीचंच घे. २०२३ साली साडेचार हजारांवर जागा निघाल्या आणि दहा लाखांवर अर्ज आले. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत कुणाला २१४ गुण पडलेले दिसले. वेगवेगळ्या पाळ्यांना वेगवेगळे पेपर, ते एका मापात आणायला नॉर्मलायझेशनचं सूत्र लावलं, त्यातून ते गुण वर गेले. पोरांचा संताप खरा होता. प्रश्नही रास्त होते, विचारायलाच हवे होते. पण विचारून झाल्यावरही टेलिग्रामवर ती चर्चा थांबली नाही. आपल्याकडची पोरं मी पाहिली आहेत. कोणत्या जिल्ह्याचा कटऑफ कितीवर जाईल ते त्यांना तोंडपाठ, कोर्टाची पुढची तारीख तोंडपाठ, आणि शेकडेवारी, काळ-काम-वेग जिथल्या तिथे. अभ्यासिकेची फी बापानं सोयाबीन विकून भरलेली. ही पोरं आळशी नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. उलट जास्त कळकळीची पोरंच यात अडकतात. ज्याला काहीच पडलेलं नसतं तो वाद घालत बसत नाही.

आता ओळखायचं कसं? तासांचं माप धरू नको. दोन तास बसूनही एखादा मोकळा उठतो आणि वीस मिनिटं बसलेला दिवसभर त्यातच राहतो. फोन खाली ठेवल्यावर काय चाललंय ते बघ. आंघोळ करताना, फवारणी करताना, गाडीची वाट बघत स्टेशनवर उभा असताना मनात कुणाला तरी उत्तर देणं चालू आहे का? ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही त्याला काय सुनवायचं याची जुळवाजुळव चालू असते, ओठ हलत असतात, समोर आई काहीतरी विचारत असते आणि ते कानापर्यंत पोचत नाही. माझ्या मते ही पहिली आणि सर्वांत पक्की खूण.

दुसरी खूण, मेसेज टाकल्यानंतरची. टाकला, फोन ठेवला, दोन मिनिटांत परत उचलला. कुणी वाचलं का, कुणी काय म्हटलं का. तिसरी, वडील आले की फोन उपडा करणं. अभ्यासच करत असशील तर उपडा कशाला करशील? आणि ग्रुपवरचा राग घरातल्या माणसावर निघायला लागला, की मग खुणा शोधत बसू नको.

किंबर्ली यंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ मध्ये इंटरनेटच्या व्यसनासाठी २० प्रश्नांची चाचणी तयार केली. तेव्हा आपल्या गावात लँडलाइन फोनसुद्धा मोजक्या घरांत होता. त्या प्रश्नांतही हेच विचारलंय: इंटरनेटपासून दूर असताना मन तिथेच असतं का, जवळची माणसं तक्रार करतात का, किती वेळ बसतोस ते लपवतोस का. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत गेमिंगच्या व्यसनाला जागा दिली, ती यादी २०२२ पासून लागू झाली. चर्चेच्या नादाला त्या यादीत असं वेगळं नाव नाही. म्हणूनच लोक म्हणतात, काय बिघडलं, पोरगं वाचतच तर आहे. नाव नसलं म्हणून त्रास थोडाच कमी होतो.

हे का लागतं तेही समजून घे, नाहीतर सगळा दोष स्वतःच्या मनाच्या कमकुवतपणाला देशील आणि तिथेच बसशील. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं पारव्यांवर प्रयोग केले होते. टोच मारली की दरवेळी दाणा मिळतो, असं असलं की दाणा बंद झाल्यावर पारवा लवकर नाद सोडतो. दाणा कधी मिळेल याचा भरवसा नाही असं केलं, की तो टोच मारतच राहतो. ग्रुपवर तेच होतं. दहा मेसेज फुकट जातात, अकराव्याला कुणीतरी लिहितं, "भाऊ, एकदम बरोबर". त्या एका ओळीसाठी माणूस पुढचे शंभर मेसेज वाचतो.

आणि तिथली माणसं किती, ते बघ. पारावर वाद व्हायचे, मीही भरपूर ऐकलेत. पण पारावर दहा माणसं. एकाला धार काढायला जायचं असतं, एकाला जेवायला हाक येते, वाद आपोआप मोडतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बैल मागायला येतो, तेव्हा आवाज खाली येतोच. टेलिग्रामच्या एका ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं बसतात. त्यातलं कुणी ना कुणी रात्री दोनलाही जागं असतं. म्हणजे शेवटचा शब्द आपला असावा असं म्हणणाऱ्याला तो कधी मिळायचाच नाही. यावर मला एकच उपाय सापडला आहे: उत्तर न देता झोपायचं. समोरच्यानं तुला मूर्ख म्हटलेलं असेल, शंभर जणांनी त्यावर हसण्याची खूण टाकलेली असेल, तरी ते तसंच पडू द्यायचं. फारच आतून ढवळलं तर उत्तर वहीत लिही. पूर्ण लिही, मनासारखं लिही. सकाळी चहा झाल्यावर वाच. पाठवावंसं वाटलं तर पाठव. बहुतेक वेळा वाटणार नाही. पहिल्या आठवड्यात हे जड जाईल, हात आपसूक खिशाकडे जाईल, झोपही नीट लागणार नाही. ते तसंच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, पण कर. फोन ओसरीत चार्जिंगला लाव, उशाशी नको. उठायला गजराचं घड्याळ आण. फोन कॉल सोडून बाकी सगळ्यांचा आवाज बंद कर. ग्रुप कायमचे म्यूट कर. जे सोडायचे ते गुपचूप सोड. २०२२ पासून व्हॉट्सॲप ग्रुप सोडल्याचं सगळ्यांना ओरडून सांगत नाही, ॲडमिनला तेवढं कळतं. "मी आता ग्रुप सोडत आहे, काही चुकलं असेल तर माफ करा" असला निरोपाचा मेसेज टाकू नको. त्याला पन्नास उत्तरं येतील आणि ती वाचायला तू थांबशील.

ग्रुप उघडायच्या आधी प्रश्न कागदावर लिहायची सवय लाव. "जाहिरातीत वयाची अट काय?" हा प्रश्न झाला. तो विचार, उत्तर घे, बाहेर ये. "काय चाललंय बघू" हा प्रश्न नाही.

सगळंच तोडायची गरज नाही हेही सांगतो, कारण सगळं तोडणारा पोरगा आठ दिवसांत दुप्पट जोरानं परत येतो. जिथून माहिती येते आणि वाद येत नाही ते ठेव. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानावरचा शेतीसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो वाचला की फवारणी कधी करायची ते कळतं, त्यावर शंभर जणांचं मत लागत नाही. परीक्षेचंही तसंच. तारीख भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर लागते. ती आधी कुठल्यातरी ग्रुपवर फुटते असं वाटतं खरं, पण त्यातल्या अफवा मोजायला बसलास तर डोकं धरशील.

आणि निकालाची वाट सगळ्यांनी मिळून बघायची काही गरज नाही. शेतात लाईनची पाळी लावतो तशी लावा. तुम्ही चौघं मित्र आहात, आठवड्याला एकानं बघायचं. काही निघालं तर तो फोन करून सांगेल. मेसेज नाही, फोन. उरलेल्या तिघांनी तो आठवडा त्या बाजूला फिरकायचं नाही. एकट्यानं ठरवलेलं मोडतं. चौघांत ठरवलं, की तोंड दाखवायची लाज असते, आणि ती लाज इथे कामाला येते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला गावाच्या मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला परत वाजला की चालू. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाइलची बंदी केली. दोन्ही गावांना लेकरांची काळजी होती. पण मला वडगावची रीत जास्त पटते, कारण तिथे बापानंही फोन खाली ठेवायचा. तुला मी सांगतो आणि मी मात्र गावच्या ग्रुपवर पाणीपुरवठ्यावरून सरपंचाशी रात्री अकरापर्यंत भांडतो, असं असेल तर माझं कोण ऐकेल? आपल्या घरात तेवढा दीड तास धरायला भोंग्याची वाट बघायला नको. जेवणं होईपर्यंत सगळ्यांचे फोन ओसरीत. तुझ्या आईचाही, माझाही.

रब्बीत रात्रीची लाईन असते तेव्हा सांभाळ. मोटारीपाशी एकटाच असतोस, थंडी, झोप येऊन चालत नाही, आणि करायला काही नाही. आपल्या भागातली कितीतरी पोरं तिथेच या नादाला लागली. जाताना डेटा बंद करून जा. तासिका आधी उतरवून घे आणि ती ऐक, नाहीतर चालू घडामोडींची वही ने.

आता जरा अवघड बोलतो. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात आरक्षणावरून जे चाललंय, त्यात तुझं मत काय असावं हे मी सांगणार नाही. ठाम असू दे. पण ज्याच्या रानात आपण सावडीनं जातो, ज्याच्या मयतीला खांदा दिला, त्याच्याशी बोलणं बंद झालं ते समोरासमोरच्या भांडणानं नाही. ग्रुपवर कुणीतरी बाहेरच्यानं टाकलेल्या ओळीला त्याचा अंगठा होता, म्हणून. अशी घरं मला माहीत आहेत. तुझ्या मनात काही असेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन बस आणि बोल. ओट्यावर बसून माणूस एवढं टोकाचं बोलूच शकत नाही.

गप्प राहण्याला एकच अपवाद आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठेचून मारलं. पोटासाठी मंगळवेढ्याकडून आलेली माणसं. असल्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या, आणि त्याच महिन्यात कंपनीला भारतात एक मेसेज पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घालावं लागलं. असलं काही दिसलं, कुणाच्या जिवावर बेतेल असं, तर तेव्हा गप्प बसू नको. पण ग्रुपवर वादही घालू नको, त्यानं आग वाढते. चुडाव्यात पोलीस ठाणं आहे. ऊठ आणि तिथे जा.

मधेच कधीतरी घसरशील. निकालाचा दिवस, निवडणूक, घरात काही भांडण झालं तर त्या रात्री. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, दारू आणि गर्दच्या व्यसनातून हजारो माणसं तिथून बाहेर पडली, आणि आता मोबाइलच्या नादात अडकलेलेही तिथे जातात. त्या लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट ही, की घसरलेल्या माणसाला ते गेलेला धरत नाहीत. एक रात्र गेली तर एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा ओसरीत लाव आणि बाकीच्या तिघांना सांग.

हे सगळं करूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, अभ्यासाचं पुस्तक उघडलं की छातीत धडधडत असेल, तर मग ते ग्रुपपुरतं राहिलेलं नाही. पुष्कळदा आत उदासी असते, तिच्यापासून पळायला पोरगं चर्चेत शिरतं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. नांदेड आपल्याला परभणीहून जवळ. गावात कुणी काही म्हणेल याचा विचार करू नको, कुणाला सांगायचं नसेल तर सांगू नको, फक्त मला सांग. मी सोबत येतो.