रविवारचा आशीर्वाद घरी न्या



पवित्र मिस्साच्या शेवटी फादर आपल्याला आशीर्वाद देतात आणि शांतीने जायला सांगतात. आपण 'आमेन' म्हणतो. त्यानंतर लगेच गाडी काढण्याची घाई, बाजार, मुलांचे क्लास, लग्नाची आमंत्रणे! दुपारपर्यंत तो आशीर्वाद कुठे गेला, असे कोणी विचारले तर आपण काय उत्तर देऊ?

1. आशीर्वाद कोणी द्यावा?

'आशीर्वाद देणे हे फादरांचे काम' अशी आपली समजूत असते. मिस्सातील आशीर्वाद धर्मगुरूच देतात, हे खरेच आहे. परंतु 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद 1669) स्पष्ट म्हटले आहे की, स्नानसंस्कार घेतलेल्या प्रत्येकाला स्वतः आशीर्वाद होण्यासाठी आणि इतरांना आशीर्वाद देण्यासाठी बोलावलेले आहे. आपल्या बाळाचा स्नानसंस्कार आठवा. फादरांनी बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि मग आईवडिलांना व धर्ममातापित्यांनाही तीच खूण करायला सांगितली. ते काम त्या एका दिवसापुरते नव्हते.

2. शनिवारची संध्याकाळ

याकोब म्हातारा झाला होता, त्याची दृष्टी मंदावली होती. तरीही त्याने योसेफाच्या दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद दिला (उत्पत्ती 48). प्रभू येशूनेही बालकांना कवेत घेऊन, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला (मार्क 10:16). संध्याकाळची जपमाळ संपल्यावर मुलांनी वडीलधाऱ्यांकडे आशीर्वाद मागण्याची प्रथा याच वळणाची आहे. गोव्यातील कोकणी घरांत त्याला 'बेसांव' म्हणतात. जिथे ही प्रथा मागे पडली असेल, तिथे या शनिवारी पुन्हा सुरू करावी. आजीआजोबांचा हात नातवंडांच्या डोक्यावर पडू द्या. त्याला खर्च नाही, वेळही फार लागत नाही.

3. रविवारचे जेवण

एम्माउसच्या शिष्यांनी प्रभूला ओळखले ते जेवणाच्या मेजावर, त्याने भाकर घेऊन आशीर्वाद दिला तेव्हा (लूक 24:30-31). आठवडाभर कोणी पहिल्या पाळीला, कोणी रात्रपाळीला असते. त्यामुळे रविवारचे एक जेवण तरी सर्वांनी एकत्र घ्यावे. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, आणि जेवणापूर्वीची प्रार्थना घरातल्या सर्वांत लहान मुलाने म्हणावी.

4. जे मिस्साला येऊ शकले नाहीत

संत जस्टिन यांनी इ. स. 155 च्या सुमारास रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. गैरहजर असणाऱ्यांना डीकन परमप्रसाद नेऊन देत. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा व आजारी यांना मदत होई. म्हणजे उपासना देवळाच्या दारात संपत नसे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही 31 मे 1998 च्या 'डिएस डोमिनी' या पत्रात हेच सुचवले: एकट्या माणसाला जेवायला बोलवा, आजाऱ्याला भेटा. आपल्या आळीतही अंथरुणाला खिळलेले कोणीतरी असेलच. अर्धा तास त्यांच्यापाशी बसणे हाही रविवारच पाळणे आहे.

5. अबोला

सर्वांत कठीण आशीर्वाद हा आहे. जमिनीच्या वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच देवळात वेगवेगळ्या बाकांवर बसतात, एकाच वेदीवरून परमप्रसाद घेतात. संत पेत्र सांगतात की, वाईटाची फेड वाईटाने न करता आशीर्वादाने करावी, कारण आशीर्वादाचे वारस होण्यासाठीच आपल्याला बोलावले आहे (1 पेत्र 3:9). वाटणीचा प्रश्न एका रविवारी सुटणार नाही. परंतु देवळाच्या अंगणात 'दादा, कसा आहेस?' एवढे तरी विचारता येईल. तेवढ्यापुरता का होईना, फादरांनी दिलेला आशीर्वाद आपण पुढे पोहोचवलेला असेल.

कुटुंबात चर्चेसाठी:

- आपल्या घरी आशीर्वाद कोण मागतो? कोण देतो?
- या रविवारी आपण कोणाच्या घरी जाणार आहोत?
- 'आमेन' म्हणताना कोणाचा चेहरा आपण टाळतो?

प्रार्थना: हे प्रभो, तू दिलेला आशीर्वाद आमच्यापाशीच अडू देऊ नकोस. आमच्या हातांतून तो आमच्या लेकरांपर्यंत, शेजाऱ्यांपर्यंत आणि दुरावलेल्या भावंडांपर्यंत पोहोचू दे. आमेन.