प्रश्नकर्त्री स्त्री आणि लीळाचरित्र

स्त्रीजीवनाच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्याने प्रथम विचारावे : ग्रंथात स्त्री केवळ वर्णनाचा विषय आहे, की ज्ञानाची अधिकारिणी? महानुभाव वाङ्मय दुसऱ्या पक्षाची साक्ष देते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानी बाइसा, महदाइसा यांनी प्रश्न केले आणि त्यांच्या निमित्ताने निरूपण घडले. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे गाणारी महदाइसा मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. केशिराजव्यासांच्या संस्कृत रचनेस आचार्य श्रीनागदेवांनी आवर घातला, तो संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील म्हणून. अर्थात, धर्मभाषेचा निर्णयही श्रोत्या स्त्रियांकडे पाहूनच झाला.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात वचनासह प्रसंग व व्यक्ती येतात. पुढे केशिराजव्यासांनी संकलित केलेल्या सूत्रपाठात मात्र वचनेच राहतात, प्रश्नकर्ती दिसत नाही. म्हणून सूत्राचा अभ्यास करताना मूळ लीळा अवश्य पाहावी. प्रश्न कोणाचा होता, हे विसरल्यास स्त्रियांचा वाटा तर झाकला जातोच. पण वचनाचा प्रसंग हरवून अर्थही अपुरा राहतो.