राजा पसेनदीचे ताट आणि आपल्या मुलांचा मोबाइल

संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात दोणपाक नावाचे एक छोटे सुत्त आहे. कोसलनरेश पसेनदी हा मोठा खादाड राजा. दोणभर तांदळाचा भात तो एका बैठकीस संपवीत असे. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची अवस्था ओळखली. त्यांनी राजाला हिणविले नाही, उपास करावयास सांगितले नाही, की अमुक खा, तमुक खाऊ नको अशी यादीही दिली नाही. सजग राहून जो अन्नात मात्रा ओळखतो त्याच्या वेदना कमी होतात व वार्धक्य सावकाश येते, अशा आशयाची एकच गाथा त्यांनी म्हटली.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा शिकून घ्यावयास सांगितले आणि आपल्या जेवणाच्या वेळी ती म्हणण्याचे काम दिले. मोबदला रोज शंभर कहापण. धम्मपदाच्या अट्ठकथेत आणखी एक बारकावा येतो. राजा शेवटचा घास उचलील तेव्हा गाथा म्हणावयाची. तो घास राजा ठेवून देईल. त्या घासात जितकी शिते, तितके तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवावयाचे. असे होता होता राजा नाळीभर भातावर आला. अंग हलके झाल्यावर हातपाय चोळीत त्याने भगवंतांच्या करुणेचे स्मरण केले, असे सुत्तात म्हटले आहे.

वर्षावासातील अभ्यासवर्गात आम्ही हे सुत्त घेतले, तेव्हा दहावीतला एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, म्हणजे सुदस्सन हे राजाचे ॲप!" सारा वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु त्याच्या बोलण्याने आम्हांस विचार करावयास लावले. हल्ली वजन कमी करून देणारी मोबाइल ॲप आपल्या वस्तीतल्या मुलामुलींच्या हातात आहेत, आणि त्यांच्याविषयी त्यांच्याशी कोणी वडीलधारे बोलत नाही. म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वजन जास्त असणे हा आपल्या घरांत कालपरवापर्यंत प्रश्नच नव्हता. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, खडी फोडून सुकडी खाल्ली, अमेरिकेची तांबडी मिलो दळून तिच्या भाकरी केल्या, त्या आज्या आजही घरात आहेत. नातवंडाचे गुबगुबीत गाल ही त्यांच्या लेखी उपासमारीवर मिळविलेली फत्ते आहे. "खाऊ दे गं, आमाला काय मिळालं व्हतं?" या वाक्याला कोणत्याही आहारतज्ज्ञाजवळ उत्तर नाही, आणि आम्हांलाही ते खोडून काढावेसे वाटत नाही.

पण काळ बदलला तो विचित्र रीतीने. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची सुमारे २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली आणि सुमारे ५ टक्के जादा वजनाची. २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी होते. म्हणजे भूक गेलेली नाही. तिच्या शेजारीच, पुष्कळदा त्याच चाळीत, वेफर्सची पाकिटे आणि थंड पेयांच्या बाटल्या येऊन बसल्या आहेत. ३०० मिलिलिटर गोड थंड पेयात सुमारे सहा ते सात चमचे साखर असते. ती चहात घालावयास आई तयार होणार नाही; बाटलीतली मात्र दिसत नाही.

ॲपचा खरा उपयोग येथे आहे, हे मान्य केले पाहिजे. दिवसभरात तोंडात काय गेले, किती पावले चाललो, किती वाजता निजलो, हे ते मांडून दाखविते. स्वतःकडे पाहावयास शिकविणे हे काही वाईट काम नव्हे; सजगतेचा आरंभ तेथूनच होतो. मात्र एक वाटी आमटी असे लिहिले तर वाटी कोणाची? आमच्या घरची आणि शेजारची वाटी सारखी नाही. भाकरीवर वाढलेले पिठले, सुकटीची चटणी, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, यांचे आकडे अंदाजपंचे असतात. आकडा दशांशापर्यंत दिसतो म्हणून तो खरा मानू नये.

दुसरी अडचण मोठी आहे. बहुतेक ॲप उंची व वजन यांवरून शरीरभार निर्देशांक काढतात. त्यालाच सारे बीएमआय म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त, ही आपल्याकडील शरीराची ठेवण आहे, आणि मधुमेह आपल्याला तुलनेने कमी वजनावर गाठतो तो यामुळे. मधुमेहाने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत किती छळले हे आपण जाणतोच. शिवाय वाढत्या वयाच्या मुलामुलींचा बीएमआय प्रौढांच्या कोष्टकात बसवून चालत नाही. वय व लिंग पाहून तो वाढीच्या आलेखावर वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली असे आलेख आपल्या मुलांसाठी प्रसिद्ध केले आहेत आणि ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. पुष्कळदा वाढत्या मुलाचे वजन उतरवायचे नसतेच. ते आहे तेथे थांबवायचे आणि उंची वाढू द्यायची, एवढ्यानेच काम भागते. ही गोष्ट प्रौढांसाठी केलेल्या ॲपला ठाऊक नसते.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्या चुकीविषयी आहे. दोन वर्षांपूर्वी विहाराच्या सभागृहात आम्ही आरोग्य तपासणी ठेवली. वजनकाटा दाराशी मांडला, आणि नोंद लिहिणाऱ्याला ऐकू जावे म्हणून आमच्यातलाच एक कार्यकर्ता प्रत्येकाचे वजन मोठ्याने सांगत होता. त्यात काही गैर आहे असे आम्हां कोणाच्याही मनात आले नाही. पंधरा वर्षांची एक मुलगी काट्यावर उभी राहिली, आकडा पुकारला गेला, आणि मागच्या रांगेतून कोणी तरी "भोपळा" म्हणाले. आम्ही ते ऐकले. कोण म्हणाले तेही आम्ही पाहिले. पण गर्दी होती, कार्यक्रम पुढे न्यायचा होता.

त्या रात्री तिने भावाच्या मोबाइलवर एक ॲप घेतले. वय विचारले तेव्हा अठरा लिहिले. ॲपने तिला रोजच्या उष्मांकांची मर्यादा घालून दिली. ती मर्यादेच्याही खाली राहू लागली, तसतशी पडद्यावर शाबासकीची चित्रे येऊ लागली. डबा शाळेत मैत्रिणीला आणि रात्रीचे जेवण "पोट भरलंय" म्हणून परत. पाळी चुकली, तेव्हा तिने ते आईला सांगितले नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव चालू असताना ती मैदानात कोसळली, तेव्हा आम्हां सर्वांना कळले. तिच्या आईने आम्हांस एकच विचारले, "तुमी तवा त्याला गप का नाय केलं?" त्या माउलीला द्यावयास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

अभ्यासवर्गात दोणपाक सुत्त वाचताना म्हणूनच आम्ही दोन ठिकाणी थांबलो. एक असे, की भगवंतांनी दमलेल्या राजाला पाहिले, पण त्याच्या देहाला नाव ठेवले नाही. दुसरे असे, की मात्रा ओळखणे हे दोन्ही बाजूंनी असते. सहा वर्षे देह सुकवून पाहिल्यावर सिद्धार्थांनी तो मार्ग सोडला आणि सुजातेची खीर स्वीकारली. अन्नाविषयीचा मध्यम मार्ग खादाड राजाला जितका लागू, तितकाच उपाशी राहून शाबासकी मिळविणाऱ्या मुलीलाही.

ॲपवाल्यांनी हे ओळखले नाही असे नाही, परंतु व्यापाराची घाई असते. अमेरिकेत २०१९ साली वेट वॉचर्स या कंपनीने ८ ते १७ वयाच्या मुलांसाठी कुर्बो नावाचे ॲप आणले. अन्नाला हिरवा, पिवळा, तांबडा असे सिग्नलचे रंग, आणि पैसे भरल्यास आठवड्यातून प्रशिक्षकाशी बोलणे, अशी त्याची योजना होती. रंगांची कल्पना मुळात बालरोगतज्ज्ञांच्या कामातून आलेली, जुनी व उपयुक्त. तरीही आठ वर्षांच्या मुलाच्या हाती वजनाची वही देण्याने अन्नाची भीती बसेल, असा आक्षेप तेथील पुष्कळ पालकांनी व तज्ज्ञांनी घेतला. मार्च २०२२ मध्ये वेगळेच प्रकरण पुढे आले. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल तेथील फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीकडून १५ लाख डॉलर दंड घेतला आणि ती माहिती नष्ट करावयास लावली. वय खोटे लिहून मुले आत शिरत होती, हा त्यातला एक मुद्दा होता. म्हणजे आमच्या मुलीने केले ते काही जगावेगळे नव्हते. आपल्याकडेही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला असून अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. मोबाइल कोणाच्या नावावर आहे आणि संमतीचे बटण घरात कोण दाबते, हे प्रत्येक पालकाने एकदा पाहावे.

मग उपाय काय? अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत मूल आणि कुटुंब यांच्याबरोबर तीन ते बारा महिन्यांत निदान २६ तास समोरासमोर बसून काम करावे असे म्हटले आहे. सव्वीस तास! आमच्याकडे दवाखान्यात डॉक्टरांना पाच मिनिटे मिळतात. हे तास कोणी तरी द्यावयाचे आहेत, आणि ॲप ते देऊ शकत नाही. त्या मुलाच्या विनोदाला आमचे उत्तर हेच आहे: बाळा, ॲप म्हणजे फार तर ती गाथा. सुदस्सन म्हणजे जेवताना जवळ उभा राहणारा माणूस.

आमच्या संस्थेत परिचारिकेचे काम केलेल्या एक उपासिका आहेत. मुले त्यांना ताई म्हणतात. त्या मुलीला डॉक्टरांकडे नेण्याआणण्याचे काम त्यांनी केले, आणि पुढे रविवारी दुपारी दोन-दोन, तीन-तीन मुलांबरोबर बसण्याचा प्रघात पाडला. वजन हा शब्द पहिले दोन महिने त्यांनी उच्चारला नाही. काटा सभागृहातून हलवून आतल्या खोलीत ठेवला. ज्याला हवे त्याने, डॉक्टरांनी सांगितले असेल तरच, दार लावून उभे राहावे. एका मुलाच्या मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा होता. त्याची आई तो मळ समजून दगडाने घासत असे आणि पोराला रोज बोलणी बसत. तो मळ नसून शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याची खूण असू शकते, हे ताईंनी ओळखले व रक्त तपासावयास पाठविले. असे कोणतेही ॲप पाहत नाही.

मोबाइल त्यांनी बंद केला नाही. ॲपमधील उष्मांकांचा भाग मुलांनी पाहू नये, पावले आणि झोप एवढेच लिहावे, असा नियम केला. या वयाला रोज तासभर अंग हलले पाहिजे आणि रात्री आठ ते दहा तास झोप हवी. झोपेचा आकडा पाहून मुले स्वतःच चकित झाली, कारण रात्री एकपर्यंत जागविणारी वस्तू तीच हातातली होती. बदल एका वेळी एकच, तोही मुलाने निवडलेला. एकाने थंड पेय सोडून ताक धरले. एकीने टीव्हीसमोर जेवणे सोडले. शिते मोजून कमी करण्याची अट्ठकथेतली युक्ती याहून वेगळी काय आहे?

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. परीक्षा आल्या की रविवार ओस पडतात. मुलगे मुलींपेक्षा लवकर गळतात. मुलींना खेळावयास मैदान नाही. संध्याकाळी ते मोठ्या मुलांच्या क्रिकेटने व्यापलेले असते. म्हणून लेझीमचा सराव जयंतीपुरता न ठेवता आता आठवड्यातून तीन दिवस विहाराच्या अंगणात चालतो. आजी मंडळींनाही आम्ही बोलाविले. भात कमी वाढा असे त्यांना सांगणे अवघड होते. ताईंनी त्यांना पसेनदीची गोष्ट सांगितली. त्यावर एक आजी म्हणाल्या, "म्हंजी राजाबी खात व्हता पोटभर. कमी केलं ते नंतर." आम्हांस वाटते, त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळले होते. आता त्या नातवाला आधी भाजी-आमटी वाढतात आणि भात मागितल्यावर देतात.

राहिला शंभर कहापणांचा विषय. राजाने सुदस्सनला रोजचा मोबदला दिला होता हे कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखविले, तेव्हा ताईंना मानधन द्यावे की धम्मकार्य म्हणून विनामूल्य करावे, यावर दोन बैठका खर्ची पडल्या. जयंतीच्या मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला इतका वेळ कधी लागल्याचे स्मरत नाही. अखेर येण्याजाण्याचे भाडे व महिन्याला थोडे मानधन ठरले. ती मुलगी यंदा अकरावीत गेली. ॲप तिने काढून टाकले आहे. रविवारी ती ताईंना मदत करावयास येते आणि नव्या मुलामुलींना आधी जेवलात का, एवढे विचारते.