व्यायाम, अंगदुखी आणि विश्रांती

आमच्या गोंडपिपरीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली भल्या पहाटे रस्त्यावर धावतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धाव व गोळाफेक. अंग दुखले तरी थांबायचे नाही, ही सर्वांची समजूत. ती अर्धीच खरी आहे.

सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देतात. पण ते तासाभरात ओसरते. इजा भरून येताना स्नायू पुढच्या श्रमाला तयार होतो. रोवणीच्या पहिल्या दिवसांत माझ्या आईची कंबर धरते, मग सरावते, ती यामुळेच. मात्र मजुरी बुडेल म्हणून तिला थांबता येत नाही, आपल्याला येते.

अंग दुखत असेल तर चालावे, हलके धावावे. वेगाची धाव व बैठका एक-दोन दिवस टाळाव्या. झोप पुरेशी घ्यावी. हाडात एकाच जागी कळ येत असेल, सांधा सुजला असेल किंवा लघवी गडद तपकिरी झाली असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. विश्रांतीच्या दिवशी घरचे आळशी म्हणतील. पण दुखावलेल्या पायामुळे भरती हुकली, तर घरात येणारा पहिला पगारही हुकतो, हे त्यांना समजावून सांगावे.