पाटीची किंमत वर्षांत मोजा

(ओंकारला अकरावीच्या अभ्यासासाठी टॅब घ्यायचा आहे. आत्या ॲप तयार करणाऱ्या कंपनीत काम करते.)

ओंकार : आत्या, हे दोन टॅब बघ. स्क्रीन तेवढीच, मेमरीही तेवढीच. पण एक दुसऱ्याच्या अडीच पट महाग. तरी लोक महागडाच घेतात. दिखावाच ना हा?

आत्या : थोडा आहेच. पण नुसत्या दिखाव्यावर इतकी वर्षं धंदा चालत नाही. स्टीव्ह जॉब्स यांनी २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड जगाला दाखवला, तेव्हा त्याची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत होती. पुढच्या वर्षी १ जुलैला एचपीचा टचपॅड त्याच किमतीला आला आणि १८ ऑगस्टला कंपनीने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं.

ओंकार : दीड महिन्यात? इतका वाईट होता?

आत्या : मुळीच नाही. त्याची वेबओएस प्रणाली अनेकांना आवडली होती. पण तिच्यासाठी ॲप फार थोडी होती. आम्ही ॲप लिहिणारे गिऱ्हाईक असेल तिथे जातो आणि गिऱ्हाईक ॲप असतील तिथे. आयपॅडवर तर आयफोनची ॲप पहिल्या दिवसापासून चालत होती. शेवटी एचपीने उरलेले टचपॅड ९९ डॉलरला काढले, तेव्हा मात्र लोकांच्या उड्या पडल्या.

ओंकार : म्हणजे स्वस्त असलं की खपतंच!

आत्या : खपलं, पण कंपनीने खोट खाऊन. आणि घेणाऱ्याच्या हाती काय आलं? जिच्यामागे आता कुणी उभं नाही अशी वस्तू. स्वस्त देऊन टिकायचं तर पैसा दुसरीकडून यावा लागतो. ॲमेझॉनने नेमकं तेच केलं. २०११ च्या नोव्हेंबरात त्यांनी किंडल फायर १९९ डॉलरला विकायला काढला. कमाई यंत्रावर नाही, नंतर विकल्या जाणाऱ्या पुस्तकांवर आणि सिनेमांवर. २०१२ मध्ये गूगलने असुसकडून बनवून घेतलेला नेक्सस ७ सुद्धा १९९ डॉलरलाच आला.

ओंकार : मग ॲपलला भाव पाडावा लागला असेल.

आत्या : त्यांनी आयपॅड मिनी काढला, पण किंमत ठेवली ३२९ डॉलर. १९९ ची बरोबरी केलीच नाही. २०१३ मध्ये विक्रीच्या संख्येत अँड्रॉइड टॅब आयपॅडच्या पुढे गेले, तरी आयपॅडचं गिऱ्हाईक तुटलं नाही.

ओंकार : का पण?

आत्या : दोन कारणं. एक म्हणजे अडकून पडणं. विकत घेतलेली ॲप दुसऱ्या प्रणालीवर चालत नाहीत, बोटांनाही जुनी सवय झालेली असते. याला निष्ठा म्हणू नये. दुसरं कारण विश्वासाचं. २०११ च्या आयपॅड २ ला २०१६ पर्यंत अपडेट मिळत राहिले. हा विश्वास मात्र कमावलेला आहे.

ओंकार : आपल्याकडे विद्यार्थ्यांसाठी सरकारचा तो स्वस्त टॅब ‘आकाश’ आला होता ना?

आत्या : ५ ऑक्टोबर २०११ ला, दिल्लीत. सरकारला तो साधारण २,२७६ रुपयांना पडत होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती अशी पाटी द्यायची, हा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोटाने दाबल्याशिवाय दाद न देणारी स्क्रीन! पुढच्या वर्षीची आवृत्ती बरीच सुधारलेली होती, मुंबईच्या आयआयटीने तिच्यासाठी मेहनत घेतली. पण पहिल्या यंत्राने मन मोडलं की लोक दुसऱ्याकडे वळून बघत नाहीत. अरे, ज्या घरात दुसरा टॅब घ्यायची ऐपत नाही, तिथे जाणारा टॅब तर सगळ्यात टिकाऊ हवा.

ओंकार : मग मी कुठला घेऊ?

आत्या : दोन्ही टॅबबद्दल दुकानात तेच तीन प्रश्न विचार. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? बॅटरी आणि स्क्रीन आपल्या गावात बदलून मिळते का? तुझ्या अभ्यासाची ॲप त्यावर नीट चालतात का? मग किमतीला वर्षांनी भाग.

ओंकार : आणि स्वस्त टॅबवाल्याने पाच वर्षं लेखी दिली तर?

आत्या : तर डोळे मिटून तोच घे. उरलेल्या पैशांची पुस्तकं आणू.